अकराच्या तारा लावूनही बोटं दुखतात आणि वर खरखरही येते: अकूस्टिक गिटारला किती ताण हवा?

काळी_तीन

गिटार वाजवत गाणाऱ्या मंडळींनी जरा इकडे लक्ष द्या.

माझ्याकडे साधी ड्रेडनॉट (मोठ्या बॉडीची गिटार) आहे, प्लायवूडची. नटपासून (खुंट्यांकडचा खाचांचा तुकडा) सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारा टेकतात तो तुकडा) टेप लावली तर ६५० मिमीच्या आसपास भरते. घरगुती बैठकीत भावगीतं म्हणते आणि साथ माझी मीच करते. पट्टी काळी तीन, म्हणजे एफ शार्प. मला जी कॉर्डचा आकार धरायला आवडतो, मोकळ्या तारा छान घुमतात. म्हणून सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून ठेवते, म्हणजे जी धरला की बरोबर काळी तीन मिळते.

बोटं फार दुखायची म्हणून दुकानदाराने बाराचा सेट काढून अकराचा (आकडा लहान म्हणजे तार बारीक) लावून दिला. आता खाली पहिल्या-दुसऱ्या फ्रेटपाशी बोटं तेवढीच दुखतात (एफ कॉर्डचं तर नावच काढू नका), आणि जरा जोरात स्ट्रमिंग केलं की खर्जाच्या तारा फ्रेटवर खरखरतात. म्हणजे एकाच वेळी तारा कडकही वाटतात आणि ढिल्याही. दहाचा सेट लावून बघू का?

चाळीतला_रॉकर

लावा बिनधास्त. मी दहाचाच वापरतो. बेंड (तार ओढून सूर चढवणं) लोण्यासारखे होतात.

सॅडलवाला

ताई, थांबा. दहाचा लावलात तर खरखर वाढेल आणि बोटं तशीच दुखतील. तुमची दुखणी दोन आहेत, औषधं वेगवेगळी.

मी पुण्यात गिटार दुरुस्तीचं काम करतो. "तारा कडक आहेत" म्हणून येणाऱ्या गिटारींपैकी बऱ्याच गिटारींच्या तारांचा काहीच दोष नसतो. पण आधी ताणाचा हिशोब करू, कारण तो एकदा डोक्यात बसला की पाकिटावर काय छापलंय याने गोंधळ होत नाही.

ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं वजन, तारेची लांबी आणि लावलेला सूर. लांबी आणि सूर वर्गाने चढतात-उतरतात, म्हणून थोडा फरकही जाणवतो. अर्धा सूर उतरवला की ताण साधारण ११ टक्के जातो, पूर्ण सूर उतरवला की २१ टक्के.

नट ते सॅडल २५.५ इंच लांबीवर (तुमची जवळपास तेवढीच आहे) पहिली तार नेहमीच्या ईला लावली तर दहाच्या तारेवर सुमारे ७.३ किलो ताण येतो, अकराच्या तारेवर ८.९, बाराच्या तारेवर १०.६ आणि तेराच्या तारेवर १२.४. दहा, अकरा हे आकडे इंचाच्या हजारांशांचे, म्हणजे दहाचा सेट म्हणजे पहिली तार ०.०१० इंच. नुसता एक हजारांश वाढला की दीड-पावणेदोन किलो वाढतात, कारण वजन जाडीच्या वर्गात वाढतं.

आता तुमचं बघा. अकराची तार, अर्धा सूर खाली. ८.९ मधून ११ टक्के वजा केले की ७.९ उरतात. पाकिटावर अकरा लिहिलं असलं तरी हाताखाली दहा आणि अकराच्या मधलं काहीतरी आहे. ढिली तार त्याच फटक्याला जास्त रुंद झुलते आणि फ्रेटला लागते. दहाचा लावून अर्धा सूर उतरवलात तर साडेसहा किलोच राहतील. मग स्ट्रमिंग विसरा.

आता बोटांचं. दुखतात ती पहिल्या-दुसऱ्या फ्रेटपाशी, बरोबर? पाचव्या-सातव्या फ्रेटवर बार (एका बोटाने सगळ्या तारा) धरून बघा आणि सांगा तिथे कसं वाटतं.

काळी_तीन

सॅडलवाला दादा, आत्ता बघितलं. पाचव्यावर बार आरामात लागतो! सातव्यावरही. पहिल्यावर मात्र जीव जातो.

सॅडलवाला

मग तुमचा नट उंच आहे. नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नाहीत. स्वस्त गिटारींत हे सर्रास असतं, कारण खाच जास्त खोल गेली तर अख्खा नट फुकट जातो, म्हणून कारखान्यात जरा वरच ठेवतात.

घरी तपासा. तिसरी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा. आता पहिल्या फ्रेटच्या वर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट दिसते बघा. फट जेमतेम असावी, केसाएवढी. दुसऱ्या हाताच्या बोटाने तिथे टिचकी मारली तर बारीक टिक असा आवाज आला पाहिजे. तिथून जाडसर लग्नपत्रिकेचा कागद सरकत असेल, तर तुम्ही प्रत्येक वेळी तार विनाकारण तेवढी खाली दाबताय. सगळ्या तारांवर करून बघा.

मग बाराव्या फ्रेटवर जा. जुनी एटीएम कार्डं असतील ना घरात? एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. तीन कार्डांची चवड करून सहाव्या तारेखाली, बाराव्या फ्रेटवर सरकवा. तार न उचलता जेमतेम बसली तर अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासून उंची) २.३ मिमीच्या आसपास आहे, उत्तम. चार कार्डं सहज जात असतील तर ३ मिमीच्या वर आहे, उंच. कार्डावरचे उठावाचे अंक तारेखाली येत नाहीत ना ते बघून घ्या, त्यांनी तार उचलली जाते. पहिल्या तारेखाली साधारण दोन-अडीच कार्डं.

मडगावकर

सॅडलवाल्यांचं म्हणणं बरोबर, पण आमच्याकडे एक गोष्ट आणखी असते. ताई, तुम्ही कुठे राहता? आणि हे सगळं जूनपासून सुरू झालं का?

पावसाळ्यात इथे हवेत एवढा दमटपणा असतो की गिटारीचं लाकूड पाणी पितं. वरची पट्टी, म्हणजे साउंडबोर्ड, फुगते, ब्रिजच्या मागे पोट सुटतं, ब्रिज वर येतो आणि त्याबरोबर अ‍ॅक्शन. सेट तोच, सूर तोच, ताण तोच, तरी हात म्हणतो तारा कडक झाल्या. ऑक्टोबरात आपोआप उतरतं. आम्ही लग्नात मांडो वाजवायला जातो तेव्हा गिटारवाला, व्हायोलिनवाला आणि घुमटवाला तिघांचीही तक्रार एकच असते, हवा.

म्हणून पावसाळ्यात सॅडल घासून घेऊ नका. ऑगस्टमध्ये घासलेला सॅडल मार्चमध्ये खरखर करतो. गिटार पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या तव्यावर वरचेवर वाळवा. खरखरीत गंजलेल्या तारा तर विचारू नका, बोटं त्यांनीच जास्त सोलतात, ताणाने नाही. समुद्राच्या काठावर कोटेड (वर पातळ थर दिलेल्या) तारा परवडतात. दुप्पट-अडीचपट पैसे जातात, पण साध्या तारा इथे काही आठवड्यांत काळवंडतात.

काळी_तीन

मडगावकर, मी डोंबिवलीत. पावसाळा आमच्याकडेही कमी नाही, पण दुखणं डिसेंबरपासूनचं आहे.

मोजलं. पहिल्या फ्रेटवर पत्रिका आरामात आत-बाहेर जाते, पाचव्या-सहाव्या तारेखाली तर जास्तच. बाराव्यावर तीन कार्डं बसली, चौथं अडतं.

सॅडलवाला

म्हणजे सॅडल ठीक आहे, त्याला हात लावू नका. नटच्या खाचा घासून घ्या. त्या घरी करू नका. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला असावा लागतो. उलटा पडला तर तार सूर धरत नाही आणि मोकळी तार सतारीसारखी बोलते. कुठल्याही बऱ्या दुरुस्तीवाल्याकडे तासाभराचं काम आहे.

आणि नट घासायला देण्याआधी सेट ठरवा. खाचा सेटच्या जाडीप्रमाणे कापायच्या असतात.

माझं मत, बाराचा, १२-५३ (पहिली तार ०.०१२ इंच, सहावी ०.०५३). अर्धा सूर खाली ठेवलात तर पहिल्या तारेवर ९.४ किलो येतात, म्हणजे नेहमीच्या सुरातल्या अकरापेक्षा किंचितच जास्त. हात तेवढाच राहील, खरखर जाईल.

विलंबित_ताल

तारा सैल लावायचा एवढा त्रास असेल तर नायलॉनच्या लावा की. बोटांना मऊ. आणि खरखरीचं म्हणाल तर आमच्या तंबोऱ्याला मुद्दाम जवारी काढतात, त्याचे पैसे वेगळे!

सॅडलवाला

जवारीचं काम मिरजेच्या कारागिरांकडेच राहू द्या, गिटारला ती नको :)

नायलॉनचं मात्र गंभीरपणे सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी लोक प्रयोग करतात. नायलॉनच्या पूर्ण सेटचा ताण सगळ्या तारा मिळून साधारण ३८ ते ४२ किलो असतो. स्टीलचा बाराचा सेट सत्तर-पंचाहत्तर किलो, तेराचा ऐंशी-पंचाऐंशी. स्टीलच्या गिटारवर नायलॉन लावलं तर गिटारीचं काही बिघडत नाही, फक्त पट्टी जड असल्याने हलत नाही आणि आवाज मुळमुळीत निघतो. पण क्लासिकल गिटारवर स्टील लावलं तर दुप्पट ताण येतो. तिच्या आतल्या पट्ट्या बारीक, बहुतेकींच्या दांड्यात ट्रस रॉडही (दांडा सरळ ठेवणारी सळई) नाही. ब्रिज उपटतो किंवा पोट सुटतं. माझ्याकडे अशा गिटारी येतात, मालक म्हणतो "आवाज कमी होता म्हणून लावल्या".

नायलॉनच्या पाकिटावर नॉर्मल, हार्ड, एक्स्ट्रा हार्ड टेन्शन असं असतं. ते त्या जातीपुरतंच. नायलॉनचा एक्स्ट्रा हार्डसुद्धा स्टीलच्या दहाच्या सेटपेक्षा बराच सैल.

बोटं खरंच नाजूक असतील तर मधला मार्ग आहे, सिल्क अँड स्टील. खर्जाच्या तारांमध्ये स्टीलच्या गाभ्याभोवती रेशमी धागा आणि वर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं. ताण कमी, आवाज मऊ, जोर कमी. बोटांनी छेडून भावगीत म्हणणाऱ्याला आवडतील. स्ट्रमिंगला मात्र नाहीत.

चाळीतला_रॉकर

म्हणजे माझी दहाची बाजू कुणीच घेत नाही. सॅडलवाला काका, मग सांगा ना, आम्ही दहाच्या तारा लावून वर्षानुवर्षं वाजवतो ते कसं चालतं? आणि अमेरिकन ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन अर्धा सूर खालीच लावायचा की.

सॅडलवाला

रे बाबा, स्टीव्ही रे व्हॉन अर्धा सूर खाली लावायचा, पण तेराच्या तारा लावायचा. तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. वर ती इलेक्ट्रिक गिटार.

दहा चालतात, नाही कुठे म्हणालो? नेहमीचा सूर, अ‍ॅक्शन मध्यम, हलका हात, बेंड जास्त, तेव्हा झकास. छोट्या बॉडीच्या गिटारीलाही बऱ्या, तिची पट्टी हलकी असते आणि थोड्या ताणाला बोलते. ड्रेडनॉटला दहा लावल्यावर पट्टी पुरती हलत नाही, म्हणून आवाज पातळ येतो. आणि दहाची तार जोरात दाबली की सूर वर जातो, कॅपो (दांड्यावर तारा दाबणारा चिमटा) घट्ट बसवला तरी जातो. तुला जाणवत नसेल तर तुझा हात हलका आहे, शाबास.

बाहेरगावचा_बंड्या

न्यू जर्सीहून. मीडियमबद्दल, म्हणजे तेराच्या सेटबद्दल, कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे सेकंडहँड मार्टिन गिटार आहे, मालकाने मीडियम लावलेल्या होत्या.

इथून नाझरेथ जवळ आहे, पेन्सिल्व्हेनियात, मार्टिनचा कारखाना आणि संग्रहालय तिथेच आहे. तिथे जाऊन आल्यावर एक गोष्ट कळली. साउंडबोर्डच्या आतल्या एक्स ब्रेसना (फुलीच्या आकारातल्या आधारपट्ट्यांना) पूर्वी कोरून बारीक करायचे. १९४४ च्या अखेरीस त्यांनी ते बंद केलं आणि सरळ, जाड पट्ट्या घालायला लागले, कारण लोक जाड तारा लावायला लागले होते आणि पट्टी सोसत नव्हती. कोरलेल्या ब्रेसेस परत आल्या त्या १९७६ मध्ये एचडी-२८ या मॉडेलबरोबर. म्हणजे कुठल्या गिटारवर काय लावायचं ते आत बघून ठरवायचं. साउंड होलमधून आरसा आणि मोबाइलचा टॉर्च आत घाला, ब्रेसेस कोरलेल्या दिसतात का बघा. कोरलेल्या आणि हलक्या असतील तर मीडियम लावू नका.

आणि तुम्हाला पावसाळ्याचं दुखणं, आम्हाला हिवाळ्याचं. हीटर चालू झाला की घरातली हवा कोरडी ठणठणीत, पट्टी आत बसते, अ‍ॅक्शन खाली येते, तारा खरखरतात. डब्यात ओला स्पंज ठेवायचा. लोक म्हणतात हलक्या तारा लावल्यात म्हणून खरखरते, तसं नसतं.

मडगावकर

बंड्याराव, आमच्या गिटारींना तुमचा हिवाळा द्या, आमचा जुलै घ्या.

सॅडलवाला

१९४४ चा दाखला चांगला. आपल्याकडे मात्र उलट असतं, प्लायवूडच्या स्वस्त गिटारी जाडजूड बांधलेल्या असतात, त्यांना बाराने काही होत नाही. त्यांचा कच्चा दुवा ब्रिजचा गोंद. ब्रिजच्या मागच्या कडेला साधा कागद सरकवून बघा. आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय, कुठलाही सेट लावण्याआधी चिकटवून घ्या. जुन्या पत्र्याच्या टेलपीसवाल्या जम्बो गिटारी वेगळ्या, तिथे तारा मागच्या टोकाला अडकतात आणि ब्रिज नुसता दाबला जातो, उपटला जात नाही.

तारांची जाडी बदलली की दांडा किंचित वाकतो. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार एकदम दाबा, सातव्याच्या वर फट बघा. ०.२ ते ०.३ मिमी, एक पातळ व्हिजिटिंग कार्ड. जास्त वाटली तर ट्रस रॉड घट्ट करायचा, एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. फिरत नसेल तर जोर लावायचा नाही.

काळी_तीन

सेट आणला, १२-५३ फॉस्फर ब्राँझ. नट घासून घेतला. एफ अजून सुखाचा नाही, पण आता तो लागतो, आणि बोटाला पूर्वीसारखी धार लागत नाही. खरखर खर्जावर अगदी जोरात मारलं तरच. अर्धा सूर खालीच ठेवलाय.

एक शंका. नवऱ्याचं म्हणणं आहे की सूर न उतरवता ईचा आकार धरून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला तरी काळी तीन मिळतेच की. मग हा सगळा खटाटोप कशाला?

सॅडलवाला

मिळते. ई दोन फ्रेट वर म्हणजे एफ शार्प, तुमची काळी तीनच. पण कॅपोने ताण कमी होत नाही, लांबी कमी होते आणि सूर चढतो, ताण तोच. पहिल्या तारेवर पूर्ण १०.६ किलो राहतील. शिवाय ईचा आकार जीपेक्षा वेगळा वाजतो. तुम्हाला जीचा घुमारा हवाय ना, मग उतरवलेलंच बरं. कॅपो वेगळ्या गायिकेच्या पट्टीसाठी ठेवा.

विलंबित_ताल

आणि ब्राँझ-फॉस्फर ब्राँझचं काय? त्याने ताण बदलतो का?

सॅडलवाला

फारसा नाही. ८०-२० म्हणजे तांबं आणि जस्त, आवाज उजळ आणि कडक. फॉस्फर ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, ऊबदार, जरा जास्त टिकतं. त्याच जाडीत ताणाचा फरक नगण्य. हाताला फरक पडतो तो आतल्या गाभ्याने. गोल गाभ्याची तार जास्त लवचिक लागते, षटकोनी गाभ्याची ताठ. बहुतेक सेट षटकोनी गाभ्याचेच असतात. गोल गाभ्याच्या तारेचं टोक कापण्याआधी काटकोनात मोडून घ्यायचं, नाहीतर वरची गुंडाळी सुटते.

चाळीतला_रॉकर

काका, शेवटचा. मित्र बारा तारांची गिटार विकतोय. तिला कुठला सेट?

सॅडलवाला

बारा तारांचे लाइट सेट दहापासून सुरू होतात. जोड्या असल्याने एकूण ताण शंभर किलोच्या वर जातो, म्हणून बरेच जण ती पूर्ण सूर खाली लावून वर कॅपो घालतात. घेण्याआधी ब्रिजच्या मागे कागद सरकवून बघ, आणि बाजूने डोळा लावून पोट बघ. पोट सुटलेलं असेल तर कितीही स्वस्त दिली तरी नको. दुरुस्तीचा खर्च गिटारीपेक्षा जास्त येतो, मीच घेतो तो.